चार माणसांतला शब्द आणि कागद

माझे आजोबा १९६२ साली गेले. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी गावातली चार जाणती माणसे ओसरीवर बोलावली आणि सांगितले, ‘विहिरीकडचे वीस गुंठे माझ्या लेकीला द्या.’ ही लेक म्हणजे माझी आत्या. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आलेली. चौघांनी माना डोलावल्या. कागद कुणी केला नाही. पुढे ते चौघेही गेले आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला.

मृत्युपत्र ही गोष्ट आपल्याकडे तशी नवी. जुन्या शास्त्रात भर होता तो वाटणीवर आणि दत्तकावर. मुलगा नसेल तर मरणाआधी दत्तक घ्यायचा, म्हणजे नाव आणि जमीन दोन्ही राहत. पण अखेरच्या घटकेची इच्छा टिकतेच असे नाही, हे खुद्द साताऱ्याच्या गादीने अनुभवले. एप्रिल १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. डलहौसीने तो मानला नाही आणि राज्य खालसा केले.

इंग्रजी अमलात मृत्युपत्राची चाल वाढली. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा आला, पण तो आपल्या इलाख्यात मुंबई शहरापुरता. बाहेर खेड्यापाड्यांत तोंडी मृत्युपत्रही चालत असे. १९२५ चा भारतीय वारसा कायदा झाला आणि १ जानेवारी १९२७ पासून ब्रिटिश हद्दीतल्या सर्व हिंदूंना लेखी मृत्युपत्र, सही आणि दोन साक्षीदार आवश्यक ठरले. आमच्या शेजारचे कुंडल तेव्हा औंध संस्थानात. तिथला कारभार वेगळा. पण १९६२ साली संस्थाने विलीन होऊन बरीच वर्षे लोटली होती. म्हणजे आजोबांचा शब्द कायद्याच्या लेखी काहीच नव्हता.

गंमत पुढेच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दोन गोष्टी केल्या होत्या. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली, आणि मृत्युपत्र नसेल तर बापाच्या हिश्शात लेकीला वारस केले. म्हणजे आत्या शब्दाविनाही वारस होतीच! पण हे तिला सांगणार कोण? सातबाऱ्यावर भावांची नावे लागायची म्हणून हक्कसोड पत्रावर तिचा अंगठा घेतला. बदल्यात लुगडे-चोळी. मी आठ वर्षांचा होतो. ते हिरवे लुगडे मला आठवते.

पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात हिस्सा दिला. २००५ मध्ये केंद्राने सर्व मुलींना तो दिला, आणि त्या वर्षी बाप हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. कायदा बदलला, पण लुगडे-चोळीचा रिवाज अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, शुद्ध ठिकाणावर असताना कागद करा. स्टॅम्प पेपर लागत नाही; साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांनी तुमची सही पाहून आपल्या सह्या कराव्यात. ते तुमच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे असावेत. गट नंबर सातबाऱ्यावरून उतरवा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपला हिस्साच देता येतो, हे ध्यानात ठेवा. मन बदलले तर नवा कागद करा. शेवटचा तोच खरा. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असेही समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तेवढ्याने मालक होत नाही. आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती घरांतल्या ट्रंका भिजल्या, हे आपण पाहिले आहे.

आत्या आमच्याच घरात राबली आणि आमच्याच घरात गेली. तक्रार तिने कधी केली नाही. ते वीस गुंठे वाटणीत माझ्याकडे आले. गेल्या वर्षी मी माझे मृत्युपत्र केले. त्यात पहिले कलम विहिरीकडच्या त्या तुकड्याचे आहे, आणि तो माझ्या मुलीच्या नावे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)