लोणारचा खार आणि मिठागरातले मीठ

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत आम्ही विषय घेतला आहे तो विद्राव्यतेचा, म्हणजे पदार्थ विरघळण्याचा. हा विषय प्राध्यापकांचा. कामगार संघटनेत उमर घालवलेल्या आणि उसनी पुस्तके रात्री वाचून शिकलेल्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या शास्त्राचा पहिला अभ्यास प्रयोगशाळेत झालेला नाही. तो उन्हात आणि चिखलात राबणाऱ्या माणसांनी केला. त्याच्या खुणा महाराष्ट्रातच दोन ठिकाणी दिसतात: लोणारच्या सरोवरात आणि किनाऱ्यावरच्या मिठागरांत.

आधी मूळ गोष्ट पाहू. साखर कुटून घातली, ढवळली, तर ती चहात लवकर विरघळते. परंतु लवकर विरघळणे निराळे आणि जास्त विरघळणे निराळे. ढवळल्याने वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही. मर्यादा ठरते ती पदार्थाच्या व द्रावकाच्या जातीवरून आणि उष्णतेवरून. हाताला लागलेला तेलरंग पाण्याने जात नाही, रॉकेलने जातो, हे कारखान्यातल्या पोरालाही ठाऊक असते. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, आणि पाणी उकळले तरी हा आकडा ३९ च्या आसपासच राहतो. धुण्याच्या सोड्याचे तसे नाही. शून्य अंशाला तो सुमारे ७ ग्रॅम विरघळतो, तर ३० अंशांना ४० च्या घरात जातो. चुनखडी मात्र शुद्ध पाण्याच्या लिटरभरात काही मिलिग्रॅमच उतरते. एवढे तीन पदार्थ ध्यानात ठेवले की पुढचा सारा इतिहास उलगडतो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरहून जालन्यावरून पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे जाईपर्यंत ते गाव आणि आपले शहर एकाच निजामी राज्यात होते. उल्कापाताने काळ्या दगडात पडलेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. झऱ्यांचे व पावसाचे पाणी आत येते, पण बाहेर पडायला वाट नाही. पाणी जाते ते केवळ वाफ होऊन. दगड झिजवीत आलेले पाणी आपल्याबरोबर चुनाही आणते आणि सोडाही. पाणी आटू लागले की चुना आधी गाळात बसतो, कारण तो विरघळतोच थोडा; सोडा मात्र पाण्यातच साठत जातो. लोणारचे पाणी खारट असून साबणासारखे बुळबुळीत लागते, त्याचे कारण हे.

उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर खार उघडा पडे. तो वेचणाऱ्यांनी त्याच्या जाती पाडल्या होत्या: पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की, नमक दल्ला. सरोवर एकच, पाणी एकच, तरी खार एकसारखा नाही. कोणात सोडा जास्त, कोणात मीठ जास्त. हा फरक त्यांनी डोळ्याने, बोटाने आणि जिभेने ओळखला. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त या भागात काच आणि साबण करण्याचा माल मिळतो व सरकारला उत्पन्न होते, अशी नोंद आहे. उत्पन्नाची नोंद झाली, वेचणाऱ्यांची झाली नाही.

आता किनाऱ्याकडे वळू. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सोड्यासारखे मीठ थंड करून काढता येत नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. पाणी उडवावेच लागते. म्हणून आगरी माणूस भरतीचे पाणी बांधात अडवून एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतो. पाणी पाचवा हिस्सा उरले की जिप्सम खाली बसते. दहावा हिस्सा उरले की मीठ धरू लागते. त्यानंतर उरते ते मॅग्नेशियमचे कडू पाणी. ते वेळेवर काढून टाकले नाही तर मीठ कडवट होते आणि ओल धरते. हा क्रम युसिग्लिओ याने १८४९ साली समुद्राचे पाणी आटवून मोजला. पुढे व्हांट हॉफ याने क्षारांच्या अशाच क्रमाचा बर्लिनमध्ये कसून अभ्यास केला. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. त्यांची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. त्यांनी ‘का’ सांगितले. पण ‘केव्हा’ हे आगरात उभा असलेला माणूस आधीपासून जाणत होता.

या जाणतेपणाला लागे ते ऊन, समुद्र आणि दोन हात. ब्रिटिश सरकारच्या कायद्यांनी त्याच्यावरच परवाना आणि कर बसवला. किनाऱ्यावर आपोआप सुकलेले मूठभर मीठ उचलणेही गुन्हा ठरले. म्हणूनच १९३० साली दांडीनंतर शिरोड्याला आणि वडाळ्याला लोक मिठागरांवर चालून गेले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मिठावरचा कर १९४७ साली उठला.

परंतु हिशोब मिटला असे आम्हांला वाटत नाही. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पाऊस कमी होऊन खारटपणा वाढला आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संस्थेने काढला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. इकडे २०२४ साली धारावीच्या पुनर्वसनासाठी मुंबईतली अडीचशेहून अधिक एकर मिठागरांची जमीन घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने केला. धारावीच्या कष्टकऱ्याला घर हवेच; त्याबद्दल आमचा वाद नाही. पण आगर बुजले की कडू पाणी कोणत्या घटकेला काढायचे हे सांगणारा माणूसही कामावरून उठतो. त्याचे ज्ञान कागदावर नाही, हातात आहे. त्या म्हाताऱ्या हातांपाशी बसून ते लिहून घेणे विद्यार्थ्यांना आणि संघटनांना आज शक्य आहे. हे काम दहा वर्षांनी करू म्हटले तर विचारायला कोणी उरणार नाही.