नायगावहून लिहिलेले पत्र

३ जानेवारी आली की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून सावित्रीबाईंवर भाषणे होतात. एक प्रसंग मुली हमखास सांगतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, वाटेत लोक शेण-दगड मारीत, सावित्रीबाई जास्तीचे लुगडे जवळ ठेवीत आणि शाळेत जाऊन बदलीत. प्रसंग मोठाच आहे. पण नोकरीच्या काळात हे ऐकताना मला दरवर्षी एक काळजी वाटे. मागच्या बाकावरचे जे पोर रोज कुणाच्या तरी चिडवण्याने रडकुंडीला येते, ते यातून काय घेईल? निमूट सोसावे, एवढेच?

म्हणून मी वर्गात त्यांच्या एका पत्राची गोष्ट सांगत असे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून त्यांनी ते जोतिरावांना लिहिले. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग घेऊन गावोगाव फिरे. त्या गावातल्या सारजा नावाच्या महार मुलीशी त्याचे प्रेम जमले. तिला दिवस गेल्याचे कळताच लोक खवळले. दोघांना मारीत, धिंड काढीत, जिवे मारायला नेऊ लागले. बातमी कळताच सावित्रीबाई तिकडे धावल्या.

त्यांनी जमावाला शिव्याशाप दिले नाहीत, हातही जोडले नाहीत. इंग्रजी कायद्यात खुनाचा परिणाम काय होतो, ते सांगितले. दंड संहिता १८६२ पासून लागू झालेली होती, आणि सावित्रीबाईंना तिची जाण होती. गर्दी भानावर आली. दोघांनी गाव सोडावे, एवढ्यावर निभावले. पाया पडून रडणाऱ्या त्या दोघांची समजूत घालून त्यांनी त्यांना जोतिरावांकडे पाठवले.

वाचकहो, हा निखळ विजय नव्हे. घर सुटले ते मार खाणाऱ्यांचेच. पण दोन जीव वाचले, पोटातला धरून तीन. आणि मारणाऱ्यांच्या हातूनही खून टळला. भीती दाखवून का होईना, त्यांनाही त्यांनी वाचवलेच, असे मला वाटते.

स्वतःवर शेण आले तेव्हा सोसणाऱ्या याच बाई. दुसऱ्याच्या जिवावर बेतले तेव्हा मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत. करुणा म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे पोरांना समजावयाला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही. मनात दया हवीच, पण नियम ठाऊक हवा आणि वेळेवर मध्ये पडण्याची हिंमतही हवी.

वर्गात एखाद्याची टवाळी चालते तेव्हा करणारे दोघे-तिघेच असतात, बघणारे चाळीस. येत्या ३ जानेवारीला एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी लुगड्याच्या गोष्टीसोबत ही गोष्टही सांगावी. ती त्या चाळीस जणांसाठी आहे.