‘इन्क्रेडिबल’ कोण? गोष्ट की ऐकणारा?

इंग्रजीत दोन शब्द आहेत, इन्क्रेडिबल आणि इन्क्रेड्युलस. भल्याभल्यांची इथे गल्लत होते. पहिला गोष्टीला लावायचा: जिच्यावर विश्वास बसत नाही अशी. दुसरा माणसाला लावायचा: ज्याचा विश्वास बसत नाही असा. बातमी इन्क्रेडिबल, ऐकणाऱ्याचा चेहरा इन्क्रेड्युलस. (खुद्द शेक्सपिअरने ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये दुसरा शब्द पहिल्याच्या अर्थाने वापरलाय, तेव्हा आपण फार मनाला लावून घेऊ नये!)

मला हा फरक चांगला कळतो, कारण मी सोलापूरचा. पुण्यातल्या ऑफिसात कधी विषय निघाला की मी सांगतो, “आमचं गाव १९३० सालीच तीन दिवस स्वतंत्र होतं.” समोरचे चेहरे लगेच इन्क्रेड्युलस! सोलापुरी भाषेत, “काय बी सांगतो का बे?”

पण बघा, घटनाक्रम काय आहे. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. ५ मे ला गांधीजींना अटक झाली आणि हे गिरण्यांचं गाव पेटून उठलं. ८ मे ला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले. ९ ते ११ मे इंग्रजांचा अंमल गावातून जवळजवळ उठलाच होता. १२ मे ला मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत. पुढे पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं.

आता मला सांगा, यात इन्क्रेडिबल काय आहे? सरकारची पकड सुटली नसती तर एका गिरणगावासाठी दीड महिना लष्करी कायदा कशाला लागला असता? पुरावा खुद्द सरकारनेच ठेवलाय. अविश्वास गोष्टीत नाहीये, ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. त्याच्या शाळेच्या पुस्तकात हे नव्हतं, एवढंच.

गंमत म्हणजे या इंग्रजी शब्दांच्या मुळाशी असलेलं लॅटिन ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ ही एकाच मुळातून आलेली भावंडं. संस्कृतात ही जोडी व्यवस्थित आहे: न पटणारी गोष्ट ‘अश्रद्धेय’, न पटणारा माणूस ‘अश्रद्ध’. मराठीत मात्र श्रद्धा देवापुरती उरली आणि अश्रद्ध म्हणजे नास्तिक झाला. गोष्टीसाठी ‘अविश्वसनीय’ आहे, पण ऐकणाऱ्यासाठी? ‘अविश्वासू’ म्हणालात तर भांडण होईल!

इंग्रजीतही ‘इन्क्रेडिबल’ आता नुसती वाहवा करायला वापरतात. २००२ मध्ये ‘इन्क्रेडिबल इंडिया’ ही पर्यटन मोहीम आली, तिचं हिंदीत ‘अतुल्य भारत’ झालं. ‘अविश्वसनीय भारत’ म्हटलं असतं तर एक पर्यटक फिरकला नसता :)

मला हा फरक जपावासा वाटतो तो व्याकरणासाठी नाही. आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीला आपण फार पटकन ‘अशक्य’चा शिक्का मारतो, आणि चार माणसांचं मरण दंतकथा होऊन बसतं. शंका जरूर घ्या. पण ती आपली आहे हे लक्षात ठेवून पुढे चार पानं चाळा. आणि सोलापूरला आलात तर चार हुतात्मा पुतळ्यांपाशी दोन मिनिटं थांबा, नावं वाचा. शेंगाचटणी नंतर घेऊ.