मेंढा (लेखा)

१. मेंढा (लेखा) : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील, जंगलाने वेढलेले गोंडांचे छोटे गाव. येथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. तो २०११मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत, ग्रामसभेकडे आला. २०१३मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली (१९६४) आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या. फ्रान्समधल्या अनेक डोंगराळ कम्यूनांकडे (गावपातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे) स्वतःच्या मालकीचे जंगल असते, पण त्याची व्यवस्था राष्ट्रीय वनसंस्था पाहते. मेंढ्यात ते काम ग्रामसभेचे.