आज्ञापत्रापासून आज्ञावलीपर्यंत : पैशाच्या हुकमाची भाषा

संगणकाच्या परिभाषेत ‘प्रोग्राम’ या शब्दासाठी मराठीने ‘आज्ञावली’ हा शब्द योजला, तेव्हा तो योजणाऱ्यांच्या मनात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ असेल किंवा नसेल; परंतु मराठीच्या अभ्यासकाला हा शब्द ऐकताच तिथवर गेल्याशिवाय राहवत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात अमात्यांनी सावकारांसाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे. राज्य चालते ते आज्ञेवर आणि आज्ञा चालते ती पैशावर, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज पैसाच आज्ञेवर चालतो, आणि ती आज्ञा माणसाला उद्देशून लिहिलेली नसते. रात्री बारानंतर एखाद्या कचेरीतील संगणक स्वतःहून जागा होतो, बँकेच्या सर्व्हरशी जोडणी करतो, पगाराची फाइल तिथे ठेवतो, आदल्या दिवसाचे उत्तर उचलून आणतो आणि निरोप घेतो. या सगळ्या व्यवहारामागे असतात आठ-दहा ओळी. या ओळींकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावे काय? आम्हांला वाटते, जरूर पाहावे. कारण दूरच्या ठिकाणी पैसा देवविण्यासाठी लिहिलेला मजकूर हा आपल्या भाषेतला एक जुना गद्यप्रकार आहे, आणि या ओळी त्याच्याच वंशातल्या आहेत.

हा विचार महाड-पोलादपूरच्या परिसरात बसून करण्याला काही अर्थ आहे. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटकडून गलबते येत आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरे, अशा संगमावर महाडची पेठ वाढली. घाटावरची पेठ आणि बंदर यांच्यामध्ये डोंगर उभा असला की रोकड नेणे जोखमीचे होते. तिथे कागद कामाला येतो. १७९६ मध्ये नाना फडणवीस पुण्यातून निघून रायगडाच्या आश्रयाने महाडास राहिले, आणि येथूनच पत्रांच्या व पैशाच्या बळावर त्यांनी दूरदूरचे पक्ष आपल्याकडे वळवून पुन्हा कारभार हाती घेतला. निजामाच्या दिवाणाशी त्यांनी केलेला करार इतिहासात महाडचा तह म्हणूनच ओळखला जातो. सैन्य फारसे न हलवता लिहिलेल्या शब्दाने दूरची माणसे हलविण्याचे याहून ठळक उदाहरण आमच्या परिसरात दुसरे नाही.

त्या काळच्या पैशाच्या कागदांत दोन प्रकार प्रमुख होते. वरात म्हणजे सरकारने कमाविसदारावर किंवा महालावर काढलेला देण्याचा हुकूम. आणि हुंडी म्हणजे एका सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेली चिठ्ठी. हुंडीचा मजकूर साचेबंद असे. कोणी, कोणावर, कोणास, किती आणि केव्हा, हे सारे ठरल्या क्रमानेच यायचे. रक्कम आकड्यांत लिहायची, अक्षरांत लिहायची, आणि त्याखेरीज तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असेही लिहायचे. पाचशेचे पाच हजार करू पाहणाऱ्याला मग तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून द्यायची, तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि पैसे चुकते झाले की मूळ हुंडीचा ‘खोका’ व्हायचा, म्हणजे तिचा जीव जायचा. एकाच देण्याचे दोन कागद फिरत असले तरी पैसे एकदाच जावेत, यासाठी केलेली ही व्यवस्था होती.

राजपत्रांचेही असेच. आरंभी ‘श्री’, मग मायना, मग मजकूर, आणि शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’. हे शेवटचे शब्द केवळ अलंकार नव्हेत. इथे लेखन संपले, यापुढे कोणी एक अक्षर जोडले तरी ते आमचे नव्हे, असे ते बजावतात. मोडीत शब्द तोडून न लिहिता ओळ सलग चालते. अशा लिपीत शेवट कुठे झाला हे सांगणारी खूण फार मोलाची.

आता बँकेकडे जाणाऱ्या फाइलचे अंग पाहा. सामूहिक देण्याच्या फाइलीत सामान्यतः पहिली ओळ शीर्षाची असते: पाठवणारा कोण, तारीख कोणती. मग प्रत्येक खातेदारामागे एक ओळ: खातेक्रमांक, शाखेचा संकेतांक, नाव, रक्कम. शीर्षात किंवा शेवटच्या ओळीत ताळा: एकूण नोंदी किती, एकूण बेरीज किती. बेरीज जुळली नाही तर अख्खी फाइल परत. निमपट-दुप्पट लिहिणाऱ्या मुनिमाला ही युक्ती समजावून सांगावी लागली नसती. फाइल पाठवतानाही एक जुनी खबरदारी घेतली जाते. ती आधी तात्पुरत्या नावाने चढवतात आणि पुरती पोहोचल्यावरच तिला खरे नाव देतात. म्हणजे अर्धवट आलेला मजकूर बँकेच्या यंत्राने उचलू नये. हे नाव बदलणे म्हणजेच मोर्तब. आणि वीज गेल्यामुळे तीच आज्ञावली पुन्हा चालली तर पगार दोनदा जाऊ नये, म्हणून प्रत्येक फाइलीला, प्रत्येक देण्याला न उलटणारा क्रमांक लागतो. पेठ-परपेठेचा प्रश्न तोच, उत्तर मात्र अंकांत.

या आज्ञांच्या भाषेला जन्मतारीख आहे आणि तिच्या जन्माशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. कानपूरच्या आयआयटीतून १९६५ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये, एमआयटीत असताना, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल नेण्याच्या नियमांचा पहिला मसुदा लिहिला. तो पुढे एफटीपी या नावाने जगभर पसरला, आणि १९८५ मध्ये त्याला स्थिर रूप मिळाले. त्यातील संभाषण एखाद्या त्रोटक नाटकासारखे आहे. एक बाजू चार-चार अक्षरांत बोलते: ‘यूजर’, ‘पास’, ‘क्विट’. दुसरी बाजू तीन अंकांत उत्तर देते. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे झाले. चारने सुरू होणारे म्हणजे आता नाही, पुन्हा या. पाचने सुरू होणारे म्हणजे नाहीच. पुन्हा विचारूही नका. कचेरीच्या खिडकीवर आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे तीन अंक ओळखीचे वाटतील.

सुरुवातीला माणूस पडद्यासमोर बसून एकेक आज्ञा टंकित असे. मग त्याच आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाइलीत क्रमाने लिहून ठेवायच्या आणि यंत्राला ‘हे वाच आणि कर’ एवढेच सांगायचे, ही पद्धत रूढ झाली. उघडा, ओळख सांगा, अमुक कप्प्यात जा, ठेवा, आणा, निघा. यात विशेषण नाही, विनंती नाही, प्रयोजनही नाही. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ही केवळ आज्ञार्थी क्रियापदांची माळ आहे. आणखी एक लक्षणीय गोष्ट अशी की मूळ एफटीपीत परवलीचा शब्द उघडाच जाई. वाटेत कोणी वाचणार नाही, असा तो विद्यापीठीय विश्वास होता. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील तातू इलोनेन यांनी सुरक्षित जोडणीची जी पद्धत निर्माण केली, तिच्या वंशातली साधने आता बँका वापरतात. तिथे सर्व्हर आधी आपला ठसा दाखवतो. तो पूर्वी नोंदलेल्या ठशाशी जुळला तरच पुढचे बोलणे. शिक्का ताडून पाहिल्याशिवाय पत्र न फोडणाऱ्या कारकुनाचा हा नवा अवतार.

भारतीय बँकांत ही भाषा सहजासहजी आली नाही. यंत्र आले की नोकऱ्या जातील या भयामुळे कर्मचारी संघटनांशी १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये करार करावे लागले. मधल्या काळात, १९८४ मध्ये, रंगराजन समितीने यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. १९९६ मध्ये हैदराबादला बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली, १९९९ मध्ये बँकांचे स्वतःचे जाळे सुरू झाले, २००४ मध्ये आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी आले. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी अहोरात्र चालते; दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाच्या ४८ तुकड्या. रविवार नाही, अमावास्या नाही, दिवाळीचे वहीपूजन नाही.

या मालिकेत आमच्या भागाने जे गमावले त्याची नोंद एखाद्या अहवालात सापडणार नाही. पोलादपूर-महाडच्या डोंगरातील गावे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांवर जगली. १८८० मध्ये सुरू झालेली टपाल खात्याची मनीऑर्डर हा त्या जगण्याचा धागा होता. पोस्टमन घाटी चढून येई, अंगठा घेई, नोटा मोजून देई आणि फॉर्मच्या तळाशी असलेल्या चिंचोळ्या जागेतला मजकूर वाचूनही दाखवी. पैसे किती आले हे जसे साऱ्या वाडीला कळे, तसेच पाठवणारा बरा आहे हेही कळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो धागा विरू लागला; १ एप्रिल २०१५ पासून जुन्या पद्धतीची मनीऑर्डर टपाल खात्याने बंदच केली. आजच्या फाइलीतही शेऱ्यासाठी काही अक्षरांची जागा असते. तिथे बहुधा महिन्याचे नाव असते, किंवा ‘सॅलरी’. मजकुराची जागा शिल्लक आहे. मजकूर उरला नाही.

आणि नावाचे काय? हुंडीत नाव हाच प्राण होता. शाहजोग हुंडी असेल तर पैसे मागायला आलेला मनुष्य पेठेत पत असलेला आहे की नाही, हे पाहणे देणाऱ्यावर बंधनकारक असे. फाइलीत मात्र नाव आले तरी ते शोभेपुरतेच. रकमेचा निर्णय केवळ खातेक्रमांकावरून होतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये स्पष्टच केले होते. एक अंक चुकला की पैसा परक्याच्या खात्यात. पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळून पाहण्याची सोय आरटीजीएस आणि एनईएफटीत १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा आदेश अखेर निघाला. माणसाचे नाव हुकमात परत यायला जवळजवळ दोन दशके लागली.

आज्ञा जशीच्या तशी पाळणाऱ्या यंत्राचा धोका महाराष्ट्राने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिला. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी एटीएमच्या विचारणांना उत्तर देणारी एक बनावट यंत्रणा उभी केली. प्रत्येक विचारणेला तिचे उत्तर एकच: हो. ११ ऑगस्टला अनेक देशांतील एटीएममधून पैसे निघाले, १३ ऑगस्टला सुमारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या बँकेत वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी गेले. याउलट फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने खोटे हुकूम सुटले, तेव्हा ८.१ कोटी डॉलर फिलिपीन्सला पोहोचले, पण श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर अडले, कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग ‘फँडेशन’ झाले होते आणि ते कोणाच्या तरी डोळ्यांना खुपले. शुद्धलेखनाच्या महतीचे याहून महाग उदाहरण वर्गात देण्यासारखे नाही. त्याहून महत्त्वाचे असे की तो शब्द वाचणारे कोणी तरी तिथे होते.

तरीही माणसाच्या हाती असलेली आज्ञा तेवढी श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याची आमची तयारी नाही. महाडचा इतिहास तो काढू देत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. शब्द लिहिले गेले, सही-शिक्का झाला, लेखनसीमा झाली. आणि तीन वर्षे काहीही घडले नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो लोक तळ्यावर चालत गेले तेव्हा त्या ठरावाचा पहिला अंमल झाला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला. न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला मार्च १९३७ उजाडावा लागला. जे. एल. ऑस्टिन यांनी पुढे सांगितले की काही वाक्ये केवळ वर्णन करीत नाहीत, ती कृतीच असतात. मात्र त्यासाठी परिस्थिती अनुकूल असावी लागते. ती परिस्थिती कोणाच्या हाती असते, हे महाडने त्याआधीच दाखवून दिले होते. माणूस आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो, आणि म्हणूनच ती अडवूनही धरतो. यंत्र जात विचारत नाही. ते चुकीची आज्ञाही विचारत नाही.

२२ जुलै २०२१ च्या प्रलयात महाडची पेठ पाण्याखाली गेली, तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे गेली. अशा पुरात दुकानांतल्या वह्या भिजतात, पण दूरच्या शहरातील सर्व्हरवर खात्यांच्या नोंदी कोरड्या राहतात. पूर्वीच्या काळी खतावणी वाहून गेली की देणे-घेणेही वाहून जाई. हा लाभ लहान नव्हे. पण वीज नाही, फोन लागत नाही, अशा गावात खात्यावर जमा झालेला पैसा हातात येत नाही. आज्ञावली आपले काम चोख बजावते आणि ‘झाले’ म्हणून उत्तर नोंदवून ठेवते. तिच्या लेखी देणे पुरे झालेले असते. घेणे अजून व्हायचे असते.

म्हणून आम्हांला असे वाटते की मोडी वाचायला शिकवणाऱ्या वर्गात हुंडी आणि वरात यांच्या शेजारी अशी एक आज्ञावलीही मांडावी. दोन्हीकडे विचारायचे प्रश्न सारखेच आहेत: आज्ञा कोणाची, पाळणारा कोण, शेवट कुठे, आणि चूक झाली तर दाद कोणाकडे? हुंडीवर या चारही प्रश्नांची उत्तरे नावानिशी असत. आज्ञावलीत पहिल्या तिन्हींची सापडतात. चौथ्यासाठी अजून पोलादपूरहून माणसाला एसटीने शाखेत यावे लागते.