तारापोर, आर्देशीर बरजोरजी

(१८ ऑगस्ट १९२३–१६ सप्टेंबर १९६५). भारतीय भूसेनेतील रिसाल्याचे अधिकारी व परमवीरचक्राचे मानकरी. जन्म मुंबई येथे, पारशी कुटुंबात. पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते व त्यांना शंभर गावे इनाम मिळाली, अशी कुलपरंपरा आहे. त्यांतील प्रमुख गाव तारापूर. यावरून घराण्यास आडनाव लाभले. पुढे हे कुटुंब हैदराबाद संस्थानात नोकरीनिमित्त स्थायिक झाले. आर्देशीर यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत झाले. १९४० मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते हैदराबाद संस्थानच्या सैन्यात दाखल झाले आणि १९४२ मध्ये ७ व्या हैदराबाद पायदळात अधिकारी झाले.

पायदळात त्यांचे मन रमत नव्हते. हातबाँबच्या सरावात एका शिकाऊ शिपायाचा बाँब जवळच पडला, तेव्हा तारापोर यांनी झेप घेऊन तो उचलून दूर फेकला. त्यात त्यांच्या छातीस जखमा झाल्या. संस्थानी सैन्याचे प्रमुख जनरल एल् एद्रूस यांनी हा प्रसंग पाहिला व त्यांची प्रशंसा केली. तारापोर यांनी त्या वेळी रिसाल्यात बदलीची विनंती केली व ती मान्य झाली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हैदराबाद लान्सर्समधून पश्चिम आशियात सेवा केली.

सप्टेंबर १९४८ मध्ये एल् एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनपुढे शरणागती पत्करली. संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये तारापोर पूना हॉर्स या पलटणीत आले. पेशवे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील १८१७ च्या पुणे तहान्वये हा रिसाला उभा राहिला होता. १९६५ च्या युद्धात चौधरी हे भूसेनाप्रमुख होते आणि तारापोर त्याच पहिल्या चिलखती डिव्हिजनमध्ये पूना हॉर्सचे नेतृत्व करीत होते. जित सैन्यातील अधिकाऱ्यास जेत्या सैन्यातील जुना व मानाचा रिसाला सोपविला जावा, ही गोष्ट त्यांच्या शौर्याइतकीच ध्यानात घेण्याजोगी आहे.

सियालकोट आघाडीवर ११ सप्टेंबर रोजी फिलोरा घेण्याची कामगिरी पूना हॉर्सकडे होती. वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांनी अचानक हल्ला चढविला. तारापोर यांनी आपली जागा सोडली नाही. उलट एक स्क्वॉड्रन व पायदळ घेऊन त्यांनी फिलोरावर चढाई केली. फिलोरा पडले. तारापोर जखमी झाले होते, पण मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. १४ रोजी वझीरवाली व १६ रोजी जस्सोरान आणि बुतूर-डोग्रांडी ही ठिकाणे त्यांनी घेतली. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला. चविंडावर पायदळाला पिछाडीकडून हल्ला करता यावा, म्हणून ही गावे धरून ठेवणे अवश्य होते. ती धरून असतानाच त्यांना प्राणघातक जखम झाली. बुतूर-डोग्रांडीच्या लढाईत ८ गढवाल रायफल्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल झिराड हेही कामी आले. चविंडा मात्र अखेरपर्यंत हाती आले नाही आणि युद्धात जिंकलेला मुलूख १९६६ च्या ताश्कंद करारानंतर परत करण्यात आला.

पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले व स्वतःचे ९ गमावले, असे सन्मानपत्रात नमूद आहे. पहिला आकडा अंदाजी असला, तरी पराक्रमाचे प्रमाण त्यावरून कळते.

मृत्यू आल्यास रणभूमीवरच दहन करावे, असे तारापोर यांनी आपले दुय्यम अधिकारी मेजर चीमा यांना आधीच सांगून ठेवले होते. पारशी धर्मरीतीत दहन नाही. तरीही त्यांची इच्छा पाळण्यात आली. त्यांना परमवीरचक्र मरणोत्तर देण्यात आले. चिलखती दलातील हे पहिले परमवीरचक्र होय. दुसरे १९७१ मध्ये पूना हॉर्सच्याच अरुण खेत्रपाल यांना मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास तारापोर यांचे नाव देण्यात आले.