एकशे पाच कसे लिहायचे?



विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात तिसरीच्या वर्गातून करतो. नांदेडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, गणित शिकवण्याचा मला काही अधिकार नाही. मागं बसून बघत होतो. बाईंनी सांगितलं, "एकशे पाच लिहा." माझ्या पुढ्यातल्या मुलीनं पाटीवर लिहिलं, १००५. बाईंनी फुली मारली. मुलीनं ते पुसलं आणि शेजारणीच्या पाटीवरून १०५ उतरवून घेतलं. उत्तर बरोबर झालं. पण तिला कळलं काय?

ही चूक मला ओळखीची वाटत होती. परतीच्या वाटेवर आठवलं, नाणेघाट!

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, साधारण ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. यज्ञात किती गाई दिल्या, किती कार्षापण दिले, याची त्यात यादी आहे. तिथल्या आकड्यांत दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. एकशे पाच लिहायचे तर शंभराचं चिन्ह काढायचं आणि पुढं पाचाचं. झालं! शून्याची गरज नाही, स्थानाची गरज नाही. आता त्या मुलीकडं बघा. तिला शंभर येतात, १००. पाच येतात, ५. तिनं शंभरापुढं पाच मांडले. म्हणजे ती नाणेघाटाच्या रीतीनं लिहीत होती. त्या रीतीवर एका मोठ्या राज्याचा हिशेब चालला. तिला ढ म्हणायचं असेल तर सातवाहनांच्या कारकुनांनाही म्हणावं लागेल.

तिथून पुढची पायरी चढायला माणसाला काही शतकं लागली. ती पायरी मला एका अनपेक्षित ठिकाणी भेटते. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य साधारण पाचव्या शतकाच्या आसपासचं मानतात. वस्तू तीच राहून तिची अवस्था कशी बदलते, हे समजावताना भाष्यकार दाखला देतो: रेघ एकच, पण शंभराच्या जागी ती शंभर होते, दहाच्या जागी दहा, एकाच्या जागी एक. आणि लगेच दुसरा दाखला: बाई एकच, पण कुणाची आई, कुणाची लेक, कुणाची बहीण. मी हे भाष्य वर्षानुवर्षं शिकवलं आणि रेघेचा दाखला दरवेळी घाईनं ओलांडला. दाखला नेहमी माहितीतला देतात. म्हणजे त्या काळच्या वाचकाला स्थानिक किंमत ठाऊक होती.

पुढं नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात एकापासून महाक्षोभापर्यंत २४ स्थानांची नावं आहेत. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. या गणिताची साधनं कोणती होती? पाटी, तिच्यावर पसरलेली धूळ आणि एक बोट. म्हणून तर त्याला पाटीगणित आणि धूळिकर्म म्हणत. खर्च शून्य.

अलीकडचा वादही आठवा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. पण 'एकशे पाच' या नावात काहीच उलटं नाही. तरीही पोरगी चुकली. तेव्हा बोलणं सोपं केलं की काम संपलं, असं होत नाही.

मग बाईंनी आणि मी मिळून एक प्रयोग केला. गावात तुराट्यांना काय तोटा? त्यांचे बोटाएवढे तुकडे केले. दहा तुकड्यांची एक पेंढी, दहा पेंढ्यांचा एक भारा. कडबा शेकड्यानं विकला जातो, हे या मुलांना घरीच ठाऊक असतं. मुलीनं एक भारा आणि पाच सुट्या काड्या पटकन मांडल्या.

बहुतेक वर्ग इथंच थांबतात, आणि माझी खरी तक्रार इथंच आहे. भारा डावीकडं ठेवा, उजवीकडं ठेवा, तो शंभरच राहतो. म्हणजे आपण अजून नाणेघाटातच आहोत! गट करणं ही पहिली पायरी. स्थान ही दुसरी.

दुसऱ्या दिवशी काड्या बाजूला ठेवल्या. फरशीवर खडूनं तीन घरं आखली: शतक, दशक, एकक. हातात फक्त चिंचोके. सगळे सारखे, कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. एकाच चिंचोक्याला आम्ही घर बदलायला लावलं: इथं एक, इथं दहा, इथं शंभर. व्यासभाष्यातली रेघच ती. मग बाई म्हणाल्या, "एकशे पाच मांड." तिनं शतकाच्या घरात एक चिंचोका ठेवला, एककाच्या घरात पाच. पाटी हातात घेतली, १ लिहिला आणि थांबली.

"बाई, मधल्या घरात कुणीच नाही. तिथं काय लिहू?"

बाई माझ्याकडं बघून हसल्या, पण उत्तर दिलं नाही. मुलगी थोडा वेळ त्या रिकाम्या घराकडं बघत राहिली. मग तिनं शून्य काढलं आणि पुढं पाच.

ते शून्य तिला आधीही काढता येत होतं. ते कशासाठी असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. समोर शिक्षक बसले आहेत, त्यांना एवढीच विनंती: १००५ दिसले की फुली मारण्याआधी विचारा, "हे कसं केलंस?" पोर कुठल्या पायरीवर उभं आहे ते कळेल. पुढच्या पायरीसाठी मूठभर चिंचोके पुरतात.